थॉम्पसनच्या पोटातला प

पुस्तकांच्या नामसूच्या लावणाऱ्याने स्मिथला घाबरू नये. स्मिथ उदंड असतात, पण सरळ असतात. घाबरायचं ते थॉमसनला. तो समोर आला की त्याने आयुष्यात काय केलं हे नंतर. आधी प आहे की नाही ते सांगा. आणि हे कानाने कळत नाही. स्पेलिंगमध्ये पी असो वा नसो, इंग्रज माणूस दोन्ही नावं जवळपास सारखीच उच्चारतो. वर एच खाऊन ‘टॉमसन’ म्हणतो. आपण मात्र स्पेलिंगला जागून थ लिहितो, म्हणजे त्याने टाकलेलं आपण इमानाने उचलतो.

हा प कुणी मुद्दाम घातलेला नाही. थॉमसचा मुलगा तो थॉमसन, इतका साधा मामला. पण म म्हणताना ओठ मिटलेले असतात आणि हवा नाकातून जाते. स म्हणायला नाकाची वाट बंद आणि ओठ उघडे लागतात. घाईत नाक आधी बंद झालं आणि ओठ मागाहून उघडले, की मधल्या मध्ये प फुटतो. सिम्पसनचंही हेच झालं. ‘थॉम्सन’ भरभर म्हणत राहा, थोड्या वेळात प हजर. इंग्लंडात बऱ्याच घरांनी त्याला ठेवून घेतलं, स्कॉटलंडात बहुतेकांनी उंबऱ्याबाहेर ठेवलं. म्हणून ढोबळ नियम असा, की स्कॉटिश असेल तर बिनपचा, इंग्लिश असेल तर पचा. नियम पाठ करावा आणि त्याच्या भरवशावर राहू नये, कारण इलेक्ट्रॉनवाले जे. जे. थॉमसन मँचेस्टरचे, आणि बिनपचे.

भौतिकशास्त्रात तर यांचा सुळसुळाट आहे. प्लम पुडिंगचं अणुप्रारूप (धनभाराच्या गोळ्यात बेदाण्यांसारखे रोवलेले इलेक्ट्रॉन, १९०४) आणि १९०६चं नोबेल जे. जे. यांचं. इलेक्ट्रॉन हा कण आहे हे त्यांनी दाखवलं. तो तरंगासारखाही वागतो हे दाखवून १९३७च्या नोबेलमध्ये वाटा मिळवला जी. पी. थॉमसन यांनी, म्हणजे त्यांच्याच चिरंजीवांनी. नुसतं ‘थॉमसन, इलेक्ट्रॉन’ असं टिपण ठेवणाऱ्याची इथे फसगत होते. पण जूल-थॉमसन परिणामातला (वायू पसरताना त्याचं तापमान बदलतं, त्यातला) थॉमसन या दोघांतला कुणीच नव्हे. ते विल्यम थॉमसन, १८९२ साली लॉर्ड केल्व्हिन झालेले. ग्लासगोतल्या नदीचं नाव घेऊन ते सुटले. तोफा कोरताना इतकी उष्णता येते कुठून, हे तपासणारे बेंजामिन थॉम्पसन पवाले. तेही पुढे काउंट रम्फर्ड झाले. उष्णतेचा अभ्यास करणाऱ्या दोघांनी आडनावातून काढता पाय घेतला, यात मला तरी व्यवहारज्ञान दिसतं. केल्व्हिन सुटले म्हणावं, तर त्यांचं दोन खंडांतलं चरित्र १९१०मध्ये लिहिलं सिल्व्हेनस थॉम्पसन यांनी. चरित्रनायक बिनपचा, चरित्रकार पचा, आणि दोघेही भौतिकशास्त्रज्ञ! मुद्रितशोधकाने काय पाप केलं होतं?

भारतातही सुटका नाही. रुरकीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला ज्यांचं नाव होतं ते जेम्स थॉमेसन. त्यांच्या स्पेलिंगमध्ये म नंतर चक्क ए आहे. १९७७-७८च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात आपल्या फलंदाजांवर चेंडू आदळणारे जेफ थॉमसन बिनपचे. अश्मयुग, कांस्ययुग, लोहयुग अशी मांडणी करणारे थॉमसेन डेन्मार्कचे, शेवटी सेन. हे सगळे टंकनात एका मात्रेने एकमेकांत मिसळतात.

यंत्र मदत करेल म्हणावं, तर साउंडेक्सची तऱ्हा पाहा. सारख्या आवाजाची आडनावं एका खणात पडावीत म्हणून काढलेली ही पद्धत. रॉबर्ट रसेल यांनी १९१८मध्ये तिचं पेटंट घेतलं. पहिलं अक्षर ठेवायचं, स्वर आणि एचसारखी अक्षरं गाळायची, उरलेल्या व्यंजनांना अंक द्यायचे: पी १, एस २, डी-टी ३, एम-एन ५. तीन अंक झाले की थांबायचं. थॉमसन होतो टी५२५ आणि थॉम्पसन टी५१२. खण वेगळे! इकडे स्मिथ आणि जर्मन श्मिट मात्र एस५३०मध्ये गळ्यात गळा घालून बसलेले.

तेव्हा हाताने करायचं ते असं. प त्या माणसाने स्वतःच्या पुस्तकावर किंवा सहीत ठेवला असेल तर ठेवायचा, नसेल तर घालायचा नाही. मराठी लेखकाच्या कानावर विसंबायचं नाही. आद्याक्षरं आणि जन्मवर्ष नोंदवल्याशिवाय नोंद पक्की करायची नाही. इंग्रजी सूचीत पहिली चार अक्षरं, मग तारका, मग एसओएन असं शोधलं की तिघे सापडतात. डेन्मार्कचे तरीही राहतात. मराठी फाइलीत ‘थॉमसन’ शोधलं तर ‘थॉम्सन’ येत नाही, म्हणून फक्त ‘थॉम’ टाकायचं आणि डोळ्यांनी निवडायचं. यात सगळे थॉमसही येतात, त्याला इलाज नाही.

या पची किंमतही मोजता येते. संगणकात अक्षरं साठवायच्या यूटीएफ-८ या संकेतनात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. ‘थॉमसन’ १५ बाइटांत भागतो, ‘थॉम्पसन’ला २१ लागतात, कारण प एकटा येत नाही, म खालचा हलन्तही सोबत आणतो. हे संकेतन १९९२मध्ये दोघांनी मिळून आखलं: रॉब पाइक आणि केन थॉम्पसन. पवाले.