दोष क्लासचा की प्रश्नपत्रिकेचा?

सप्रेम नमस्कार,

सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याच्या कामासाठी आयएसटीक्यूबी ही संस्था फाउंडेशन नावाची प्राथमिक प्रमाणपत्र परीक्षा ठेवते. ती घोकंपट्टीला वाव देते, या माझ्या लेखाबद्दल आपण लिहिले आहे की, खोट परीक्षेत नसून घोकंपट्टी करून घेणाऱ्या नागपुरातल्या क्लासेसमध्ये आहे. शिवाय हजारोंची परीक्षा घ्यायची तर बहुपर्यायी प्रश्नांवाचून गत्यंतर नाही. या दोन्ही मुद्द्यांशी मी सहमत नाही.

क्लासवाला फी घेतो ती विद्यार्थी उत्तीर्ण करून देण्याची, त्यामुळे प्रश्नपत्रिका ज्याला गुण देते तेच तो शिकवणार. या परीक्षेत ६० मिनिटांत एकेका गुणाचे ४० प्रश्न सोडवायचे असतात आणि उत्तीर्ण होण्यास २६ गुण पुरतात. सध्याच्या ४.० अभ्यासक्रमानुसार त्यांपैकी ८ प्रश्न स्मरणाचे, २४ आकलनाचे आणि केवळ ८ उपयोजनाचे, म्हणजे शिकलेले वापरून दाखवण्याचे असतात. म्हणजे उपयोजनाचे आठही प्रश्न चुकले तरी प्रमाणपत्र मिळू शकते, आणि आकलनाचे प्रश्नही चार-दोन मॉक टेस्ट (सराव परीक्षा) दिल्या की बहुतांशी स्मरणाचेच होतात. ही रचना क्लासने केलेली नाही.

एक नमुना पाहा. चुका बहुधा मर्यादेच्या काठावर सापडतात, म्हणून टेस्टर तिथली ‘सीमामूल्ये’ तपासतो; दोन-मूल्य पद्धतीत प्रत्येक टोकाचे मूल्य आणि त्याच्या लगतचे मर्यादेबाहेरचे मूल्य घेतात. ‘वय १८ ते ६० चालेल, तर दोन-मूल्य पद्धतीने सीमामूल्ये कोणती?’ असे विचारले की विद्यार्थी क्षणात १७, १८, ६०, ६१ सांगतो, आणि त्याचे उत्तर बरोबरही असते. प्रत्यक्ष अर्जात मात्र वय नसते, जन्मतारीख असते. अर्ज स्वीकारणाऱ्या सर्व्हरचे घड्याळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असेल, तर आजच अठरा पूर्ण झालेल्या मुलीने मध्यरात्रीनंतर एक वाजता भरलेला अर्ज ती सतरा वर्षांची आहे म्हणून परत येतो. २९ फेब्रुवारीला जन्मलेल्याचे अठरावे वर्ष कोणत्या तारखेला पूर्ण धरायचे, हे तर ग्राहकालाच विचारावे लागते. आणि असे विचारण्याला चार पर्यायांत जागा नसते. (टेस्टिंग परिस्थितीसापेक्ष असते, हे तत्त्व याच अभ्यासक्रमात पाठ करावे लागते, ही त्यातली गंमत.)

बहुपर्यायी प्रश्नांवाचून गत्यंतर नाही, हेही खरे नाही. रेड हॅट या सॉफ्टवेअर कंपनीच्या आरएचसीएसए या प्रमाणपत्र परीक्षेत उमेदवाराला चालू यंत्रणेवर काम करून दाखवावे लागते, आणि सिस्को या नेटवर्किंग कंपनीची सीसीआयई ही प्रयोगपरीक्षा आठ तास चालते. त्यांचेही क्लास असतातच, पण तिथे परीक्षेपुरते शिकवायचे म्हटले तरी कामच शिकवावे लागते. अशा परीक्षा महाग पडतात, हे मान्य; आणि ओळखपाळख नसलेल्या आपल्याकडच्या मुलाचा बायोडाटा प्रमाणपत्रामुळे निदान वाचला तरी जातो, हा आपला मुद्दाही मी नाकारत नाही.

आपण गायत्रीनगरच्या आयटी पार्कमध्ये भरती करता, असे आपणच लिहिले आहे. उमेदवाराला असाच एक अर्ज उघडून द्यावा, अर्धा तास द्यावा आणि त्याने लिहिलेला बग रिपोर्ट, म्हणजे सापडलेल्या चुकांचा अहवाल वाचावा. मुलाखतीत हे विचारतात, अशी बातमी बर्डीवरच्या (सीताबर्डीतल्या) क्लासेसपर्यंत पोहोचायला वेळ लागणार नाही, आणि मग क्लासवाले बग रिपोर्ट लिहायलाही शिकवू लागतील.