९० दिवसांत शून्यावरून ६ कोटी?

रविवारी आत्येभावाचा मेसेज: "दादा, हे सुरू करू का?" खाली तोच फॉरवर्ड, महिनाभरात चौथ्यांदा माझ्याकडे आलेला. शुक्राणू शून्य असले तरी ९० दिवसांत ६ कोटी. रोज झिंकची गोळी, दर आठवड्याला टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन. इक्सी (लॅबमध्ये शुक्राणू सुईने स्त्रीबीजात सोडणं) म्हणजे डॉक्टरांचा धंदा आणि त्यातली मुलं अशक्त.

आधी इंजेक्शन, कारण पठ्ठ्याने जिमवाल्याला भावही विचारून ठेवलाय. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की पिट्युटरी ग्रंथीला वाटतं, माल भरपूर आहे. ती एलएच आणि एफएसएच ही वृषणाला कामाला लावणारी संप्रेरकं सोडणं थांबवते आणि वृषणातलं शुक्राणूंचं काम ठप्प होतं. जागतिक आरोग्य संघटनेने हेच इंजेक्शन आठवड्याला २०० मिलिग्रॅम देऊन पाहिलं होतं. कशासाठी? पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून! निष्कर्ष १९९० साली छापून आले: चांगल्या धडधाकट पुरुषांपैकी निम्म्याहून जास्त जण शून्यावर. बंद केल्यावर शुक्राणू सहसा परत येतात, पण महिने जातात. याची बायको ३६ची आहे. ते महिने कोण भरून देणार?

पिट्युटरीच मंद असेल तर एचसीजी (एलएचसारखं काम करणारं संप्रेरक), एफएसएचच्या इंजेक्शनांनी फायदा होतो, हे खरं. पण तो आजार वेगळा, औषधंही वेगळी.

९० दिवसही अगदीच हवेतले नाहीत. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, सिगारेट सोडल्याचा फरक त्यानंतरच दिसतो. पण कमी असणं वेगळं आणि 'निल', म्हणजे रिपोर्टवर शून्य, वेगळं. आमच्या लॅबमध्ये निल सहजासहजी लिहीत नाही. नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाचा साका स्लाइडवर घेतो, सगळी स्लाइड पालथी घालतो, वर दुसरा नमुना मागवतो. त्यानंतरचा प्रश्न: शुक्राणूंची नळी तुंबलीय की ते मुळात तयारच होत नाहीत? तुंबलेली नळी झिंकने उघडते होय?

तसंही अमेरिकेत २३७० जोडप्यांमध्ये झिंक-फॉलिक ॲसिड तपासलं, २०२० साली निकाल आला. मूल होण्याचं प्रमाण गोळीवाल्यांत ३४ टक्के, नकली गोळीवाल्यांत ३५.

इक्सीत धंदा करणारे आहेत, नाही कोण म्हणतंय? पण १९९२पासून ही पद्धत चालू आहे. एका स्त्रीबीजाला एकच शुक्राणू पुरतो, वृषणातून काढलेलाही चालतो. जन्मदोषांचं प्रमाण किंचित जास्त आढळलंय, बहुतेक मुलं मात्र ठणठणीत. वडिलांच्या वाय गुणसूत्राचा तुकडा गळालेला असेल तर तो दोष मुलग्याकडे जातो, म्हणून तर आधी तपासणी: गुणसूत्रांची (कॅरिओटाइप) आणि गळालेल्या तुकड्याची (वाय मायक्रोडिलिशन).

त्याला विचारलं, कॅरिओटाइप आणि वाय मायक्रोडिलिशनचे रिपोर्ट आले का?

"ते काय असतं, दादा?"