खुलासा: झाडाच्या जनुक-चाचणीतून पावसाचं भाकीत होत नाही

जळगाव-धुळ्याच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: पानाची जनुक-चाचणी केली की यंदा दुष्काळ पडणार का, ते झाडच सांगतं. असं काही नसतं! पाण्याचा ताण बसल्यावर कोणती जनुकं जास्त सक्रिय झाली, एवढंच ही चाचणी आरएनए (जनुक सक्रिय झालं की पेशीत तयार होणारा रेणू) मोजून दाखवते. पाइन-स्प्रूस या सूचिपर्णी झाडांच्या सुया (सुईसारखी पानं) पिवळ्या पडण्याआधी ताण ओळखता येऊ शकतो, हे खरं. पण डीहायड्रिन (पाणी कमी पडल्यावर पेशींना जपणारं प्रथिन) बनवणारी जनुकं थंडीतही जागी होतात, म्हणून एकाच जनुकावर निदान करता येत नाही.

शिवाय सातपुड्यात पाइन-स्प्रूस नैसर्गिकरीत्या उगवतच नाहीत. आपला साग उन्हाळ्यात पानं गाळतो, तो त्याचा स्वभावच, दुष्काळाची खूण नव्हे. आणि नमुना तोडल्याबरोबर गोठवावा किंवा रसायनात जपावा लागतो; पिशवीत भरून यावलहून जळगावला नेलेल्या पानांतला आरएनए वाटेतच बिघडू लागतो.