मिटवण्याआधी ज्याचं गेलं त्याला विचारा

दारव्ह्याकडच्या आमच्या गावात वावरातल्या मोटारीचा केबल चोरीला गेला आणि चोर निघाला गावातलाच, एकोणीस वर्षांचा पोरगा. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लगेच दोन तट पडले. एक म्हणे ठाण्यात द्या, चांगला सुजवा. दुसरा म्हणे, जाऊ द्या ना बावा, पोराची जिंदगी खराब होते, गावच्या तंटामुक्ती समितीत मिटवून टाका. ज्याचा केबल गेला तो शेतकरीही त्याच ग्रुपवर आहे. त्याला मात्र कोणी काही विचारलं नाही.

मी न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टनला राहतो. इथे १९८९च्या कायद्याने अल्पवयीन मुलांच्या गुन्ह्यांसाठी कुटुंबाची बैठक आणली. त्यामागे इथल्या मूळ रहिवासी माओरी समाजाचा आग्रह होता, की पोराचा निकाल त्याच्या घरच्यांना बाजूला ठेवून लावू नका. प्रौढांसाठी २०१४ पासून अशी तरतूद आहे, की आरोपीने गुन्हा कबूल केला आणि नुकसान झालेला माणूस असेल, तर शिक्षा सुनावण्याआधी जिल्हा न्यायालय थांबतं आणि दोघांची भेट होऊ शकते का याची चौकशी करवतं. दोघांपैकी एकजण नको म्हणाला की विषय संपला.

अशा एका बैठकीत मी बसलो आहे. मी ज्या किराणा दुकानात कामाला होतो, तिथे पंधरा वर्षांच्या मुलाने रात्री काच फोडून सिगारेटी नेल्या होत्या. मालकाच्या सोबतीला म्हणून मी गेलो. पोराची आजी होती, मामा होता, पोलीस होता. मालक काचेबद्दल काही बोललाच नाही. म्हणाला, त्या रात्रीपासून माझी बायको गल्ल्यावर बसत नाही. पोरगा खाली मान घालून होता. आजी त्याला म्हणाली, वर बघ आणि ऐक. नंतर घरच्यांना वेगळ्या खोलीत बसवलं, आणि काय भरून द्यायचं ते त्यांनीच ठरवून आणलं. पैसे थोडे दिवस आले, मग थांबले. घरच्यांना पुन्हा बोलावलं गेलं, मग आले. चमत्कार वगैरे काही नाही, पाठपुरावा आहे.

यावर गावाकडचे म्हणतात, आमच्याकडे तर १५ ऑगस्ट २००७ पासून तंटामुक्त गाव मोहीम आहे, वेगळं काय सांगता? त्या मोहिमेने धुऱ्याची, वाटणीची कितीतरी भांडणं कोर्टात जायची वाचवली, हे मला मान्य आहे. पण तिथे बक्षीस गावाला होतं, आणि तेही तंटे मिटवल्याचं. मग समितीला घाई कशाची असणार? मोठ्याची ढोरं लहान्याच्या तुरीत घुसली की बैठकीत कोणाला ‘सोडून दे’ म्हणतात, हे गावात राहिलेल्या माणसाला सांगायला नको. पाया पडतो तो बहुतेक वेळा नुकसान झालेलाच.

आणि जिथे जात आडवी येते तिथे तर समोरासमोर बसवण्याची भाषाच नको. भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ला भोतमांगे या दलित कुटुंबातल्या चौघांना मारलं गेलं. एका मारहाणीच्या प्रकरणात त्या घराने साक्ष दिली होती. साक्ष देणाऱ्याची ही गत होते, तिथे ‘माफ कर’ म्हणायला पंच बसले तर ती माफी नसते, धमकी असते. तिथे पोलीस, कोर्ट आणि शिक्षाच हवी.

केबलचं प्रकरण तसं नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, पाच हजारांच्या आतली चोरी, पहिल्यांदाच दोषी ठरलेला माणूस आणि माल किंवा त्याची किंमत परत, असं असेल तर सामुदायिक सेवेची शिक्षा आहे. चांगली सुधारणा आहे. पण कायदा केबलची किंमत मोजतो. शेतीची लाईन बऱ्याचदा रात्रीच येते. केबल नाही म्हणून ऐन फुलोऱ्यात हरभऱ्याचं एक पाणी हुकलं, तर गेलं ते केबलपेक्षा कितीतरी जास्त. हे त्या पोराला कोणी सांगायचं? न्यायाधीश विचारणार नाहीत, ठाणेदार विचारणार नाही. शेतकऱ्याने स्वतः, पोराच्या बापासमोर सांगायला हवं, पण आधी रिपोर्ट झालेला हवा आणि निकाल कोर्टाच्या कागदावर यायला हवा.

ग्रुपवर मी एवढंच लिहिलं, की बैठक सरपंचाने किंवा पोलीस पाटलाने घेऊ नये. तालुका विधी सेवा समितीकडे विधी स्वयंसेवक असतात, त्यांच्यातला दुसऱ्या गावचा कोणी बोलवा. लगेच उत्तर आलं: त्याच्या पेट्रोलचे पैसे कोण देईन, तू?

प्रश्न रास्त आहे. इथे तो खर्च सरकार करतं. तिकडे तंटामुक्तीच्या बक्षिसांना लाखो रुपये निघाले होते, तर पेट्रोललाही निघतील.