अपील ऐकायला कुणीच नाही

कोल्हापूर जिल्ह्यात उसाची एफआरपी, म्हणजे केंद्र सरकारने ठरवलेला आणि कारखान्यांनी शेतकऱ्याला द्यायचा किमान भाव, हा दर हंगामात आंदोलनाचा विषय होतो. परंतु याच दरावर जिनिव्हात खटला चालला, याची चर्चा आपल्याकडे फारशी झाली नाही. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांच्या तक्रारींवरून जागतिक व्यापार संघटनेच्या तंटा निवारण समितीने डिसेंबर 2021 मध्ये भारताविरुद्ध निकाल दिला. एफआरपी सरकार नव्हे, कारखाने देतात, हा आपला युक्तिवाद तिने फेटाळला आणि उसाला मिळणारा आधार उत्पादनमूल्याच्या 10 टक्क्यांची मर्यादा ओलांडतो, असे ठरवले. भारताने अपील केले. ते तसेच पडून आहे, कारण सात सदस्यांच्या अपील मंडळावर आज एकही सदस्य नाही.

या नेमणुका सर्वसहमतीने होतात. अमेरिकेने वर्षानुवर्षे त्या अडवल्या आणि डिसेंबर 2019 मध्ये मंडळाचे काम थांबले. मंडळ 90 दिवसांची मुदत पाळत नाही, करारात नसलेली बंधने घालते, हे अमेरिकेचे आक्षेप सर्वस्वी निराधार नव्हते; पण त्यासाठी न्यायासनच रिकामे ठेवणे मला अक्षम्य वाटते.

अपील अडकल्यामुळे आपल्या ऊस उत्पादकावरचे संकट तूर्त टळले, हे मी मान्य करतो. तरीही यात समाधान मानता येत नाही. 1997 मध्ये कोस्टा रिकासारख्या चिमुकल्या देशाने याच मंडळापुढे अमेरिकेविरुद्धचा खटला जिंकला होता. 2025 मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर 50 टक्क्यांपर्यंत शुल्क लादले, तेव्हा आपण निकाल मिळवला असता तरी अमेरिकेला तो असाच अपिलात कायमचा अडकवता आला असता.

सुरक्षा परिषदेतील नकाराधिकार असो, वा नाणेनिधीतील मोठ्या निर्णयांना लागणारे 85 टक्के मतांचे बहुमत, जे सोळा टक्क्यांहून अधिक मते असलेली अमेरिका एकटी रोखू शकते, दोष तोच आहे. आपल्या सहकारी कारखान्यात शेअर्स कितीही असोत, सभासदाला मत एकच असते आणि ठराव बहुमताने होतो. एकाच्या विरोधासाठी कारखान्याचे गाळप थांबत नाही.

व्यापार संघटनेच्या मूळ करारात सहमती न झाल्यास मतदानाची तरतूद आहे, पण तंटा निवारणाच्या नियमांनी सहमतीच बंधनकारक केली आहे. किमान नेमणुकांपुरती ही अट काढावी आणि उत्तराधिकारी येईपर्यंत जुन्या सदस्याला पदावर ठेवावे. असा बदल करायलाही सहमतीच लागते, म्हणून युरोपीय संघासह काही देशांनी 2020 मध्ये आपसांत पर्यायी अपील व्यवस्था उभी केली. एफआरपीचा खटला त्यामुळे पुन्हा उभा राहण्याचा धोका पत्करूनही भारताने तिच्यात सामील व्हावे, असे मला वाटते.