फिनाईल गोठ्यात ठेवा, कुत्र्याच्या कानात नको

‘कुत्रा कान खाजवतो म्हणजे कानात किडे पडले, दवाखान्यात पैसे घालवू नका’ असं सांगणारा चाळीस सेकंदांचा एक व्हिडिओ दिवाळीपासून आमच्याकडे फिरतो आहे. शेतकऱ्यांच्या ग्रुपवर आहे, भजनी मंडळाच्या ग्रुपवर आहे, घरच्या ग्रुपवर तर तीनदा आला. उपाय असे: कानात फिनाईलचं पाणी ओता, नाही तर लसूण कढवलेलं तेल टाका, रोज काडीला कापूस गुंडाळून कान आतून साफ करा, घरात माणसांचे कानाचे थेंब असले तर तेही चालतात. आणि वरून हे ज्ञान की गावठी कुत्र्याचे कान उभे असतात, त्याला किड्यांशिवाय दुसरं काही होतच नाही.

मी दुर्लक्ष केलं असतं. पण आमच्या काकाजींनी तो नुसता पाहिला नाही, करूनही पाहिला. वावरात राखणीला असणारा शेरू एका सकाळी अचानक डोकं झटकायला लागला. काकाजींनी त्याला बाजेला बांधलं आणि गोठ्यातली बाटली उघडली. मी तिसऱ्या दिवशी पोचलो, तेव्हा शेरूची मान डावीकडे कललेली होती, चालताना तो त्याच बाजूला झोकांड्या खात होता आणि डोकं आपटून आपटून कानाची पाळी पुरीसारखी टम्म फुगली होती. पाळीच्या आत रक्त साचतं, म्हणून ती अशी फुगते.

तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी गुंगीचं इंजेक्शन दिलं, दिवा लावून आत पाहिलं आणि लांब चिमट्याने एक वस्तू ओढून कागदावर ठेवली. बोटाच्या पेराएवढं कुसळ. किडा एकही नव्हता. कानाचा पडदा मात्र फाटलेला.

आता कुसळ काय चीज आहे हे आपल्याला शहरातल्या माणसाने सांगायची गरज नाही. तूर फुलावर येते तेव्हा धुऱ्यावरचं गवत वाळतं आणि पायजम्यात कुसळं भरतात. टोकाला मागे वळलेले बारीक केस असतात, म्हणून ते पुढेच सरकतं, मागे येत नाही. शिवाय त्याची शेपटी ओली झाली की पीळ सोडते, वाळली की पुन्हा पिळते. त्या फिरण्यानेच बी जमिनीत रुततं. अशा कुसळावर पाणी ओतायचं म्हणजे काय, ते ज्याच्या पायजम्यात कुसळ गेलं आहे त्यानेच ठरवावं.

शिवाय कुत्र्याचा कान आपल्यासारखा जवळजवळ सरळ नसतो. बोअरच्या पाइपाला आपण एल्बो लावतो ना, तसा तो आधी खाली उतरतो आणि मग आत वळतो. लांबी साधारण ५ ते १० सेंटीमीटर. वरून ओतलेलं त्या वळणाशी साचतं, आणि पडदा फाटला असेल तर मधल्या कानात जातं, आणि तिथून आतल्या कानापर्यंत पोचू शकतं, जिथे ऐकणं आणि तोल सांभाळणं दोन्ही चालतं. फिनाईल फरशीसाठी असतं, कातडी भाजतं. शेरूचा पडदा कुसळाने फाटला की फिनाईलने हाल वाढले, हे डॉक्टरही छातीठोक सांगू शकले नाहीत. पण आत काय आहे ते न पाहता ओतलं, हे तर खरं.

एक गोष्ट मान्य करतो, नाइलाजाने. जखमेत अळ्या पडतात, आणि ढोरांच्या अशा जखमेत डॉक्टर टर्पेंटाइन वापरतात. आजोबांच्या वेळेपासून हे पाहिलं आहे. पण त्या अळ्या डोळ्यांना दिसतात, वास दुरून येतो. नुसती खाज म्हणजे अळ्या नव्हेत.

मग खाज कशाची? जगभरचे पशुवैद्यक मर्क व्हेटरनरी मॅन्युअल वापरतात, त्यात कानाच्या दुखण्याची मूळ कारणं वेगळी आणि वरून वाढणारे जंतू वेगळे मांडले आहेत. मूळ कारण म्हणजे अॅलर्जी, कानातले माइट (गोचिडासारखे, पण अगदी बारीक जीव), कुसळासारखी अडकलेली वस्तू. त्यावर मग बुरशी आणि बॅक्टेरिया माजतात, कान ओला राहिला की जास्तच. म्हणून कानातला मळ काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली पाहायचा, मग औषध. चहाच्या चोथ्यासारखा काळा मळ असेल तर माइटची शंका, विशेषतः पिल्लांत. आंबूस वास आणि तपकिरी चिकटा असेल तर बुरशीची. पण हे आपण फक्त ओळखायचं, डॉक्टरला सांगायला. दर दोन-तीन महिन्यांनी तेच दुखणं परत येत असेल तर बहुतेक अॅलर्जी असते, तिथे नुसते थेंब किती दिवस पुरणार?

बाकीचे मुद्दे झटपट. काडी: मळ बाहेर येत नाही, त्या एल्बोत आणखी ठासला जातो. लसूण: कच्चा रस कातडी भाजतो, आणि पोटात गेला तर कुत्र्याला विषारी. माणसांचे थेंब: जेंटामायसिन, निओमायसिनसारखी काही औषधं फाटक्या पडद्यातून आत गेली तर बहिरेपण येऊ शकतं. डॉक्टरही जेंटामायसिन देतात, पण आत पाहून. उभे कान: लोंबत्या कानांना त्रास जास्त, हे खरं. पण कुसळ कान पाहून घुसत नाही, गोचीडही नाही.

करायचं ते सोपं आहे. नाल्यात डुंबून आला की मऊ कोरड्या फडक्याने बोट जाईल तेवढाच कान पुसायचा. वावरातून आला की कान आणि पायाच्या बोटांमधली जागा चाचपायची. आठवड्यातून एकदा कान हुंगून पाहायचा; निरोगी कानाला वास नसतो, त्याला रोज धुवायची गरजही नसते. औषध दिलं तर सांगितलेले दिवस पुरे करायचे.

शेरूची मान अजून थोडी कलतीच आहे. काकाजी त्याला आता दोन्ही वेळ हाताने भाकर चारतात, पण परवा मलाच म्हणाले, “पण त्या व्हिडिओतला कुत्रा तर चांगला झाला ना बे?”

मी फोन त्यांच्या हातात दिला आणि व्हिडिओ पुन्हा लावला. त्यात कुत्र्याला धरतात, कानात ओततात, तो किंचाळतो, आणि मग उरलेला वेळ तो माणूस बोलत असतो. कुत्रा पुन्हा दिसतच नाही.