गाव हागणदारीमुक्त करायचंय? आधी मोबाइल चार्ज करा

राहिलेल्या संडासांचं टार्गेट आलंय, मार्चएन्ड तोंडावर आहे आणि तुम्ही काय करताय, तर घरोघर जाऊन विचारताय की मावशी, संडास कुठं बांधू. अहो, विचारलं की लोक बोलतात! मग म्हणतात आधी पाणी द्या, आणि पाणी म्हणजे दुसऱ्या खात्याचं काम.

फोटोचं बघा. 12,000 चं अनुदान आहे, त्याला फोटो लागतो. भिंतीवर लाभार्थ्याचं नाव रंगवा, त्याला दारात उभा करा, लोकेशन ऑन, झालं. आत भांडं बसलंय का, पाइप कुठं जातो, असल्या चौकशा नकोत. पुढं आत गोवऱ्या भरतील, पावसाळ्यात कोरड्या तरी राहतात बिचाऱ्या.

खड्डे दोन सांगितलेत. मधे वाय आकाराचं चेंबर, एकावेळी एकच खड्डा चालू, तो भरला की बंद करून दुसरा सुरू करायचा, दीडेक वर्षात पहिल्यातलं सोनखत होतं. 2017 ला तर केंद्राचे पाणी-स्वच्छता खात्याचे सचिव परमेश्वरन अय्यर स्वतः तेलंगणात गंगादेवीपल्लीला असल्या खड्ड्यात उतरले न् हाताने खत काढलं, लोकांची किळस जावी म्हणून. तुम्ही कशाला उतरताय. चेंबर गाळा, गवंड्याला सांगा दोन्ही खड्डे सरळ एकामागे एक जोड. एकदम भरतील दोन्ही, पण तोवर तुमची बदली झालेली असेल.

आणि 2 ऑक्टोबर 2019 ला अख्खा ग्रामीण भारत हागणदारीमुक्त जाहीर झालाय हे ध्यानात ठेवा, त्यामुळे पहाटे कुणी टमरेल घेऊन दिसलाच तर तो मॉर्निंग वॉकला निघालाय.

15 ऑक्टोबरला हात धुवा दिन. पोरं रांगेत, मागं बॅनर, आणि फोटो झाला की साबण परत कपाटात, नाहीतर पोरं वापरून संपवतात.

नळाचं टेन्शन घेऊ नका. जल जीवन मिशनमध्ये माणशी रोज 55 लिटर लिहिलंय, लिहिलंय म्हणजे झालंच. आमच्या शेजारच्या वाडीत एका आजीने दारातल्या नळाला करडू बांधलंय, म्हणे खुंटीपेक्षा घट्ट आहे. म्हटलं, आजी, पाणी येतं का? "आलं हुतं की, सायेब आल्ते त्या दिवशी," म्हणाली, आणि चुंबळ डोक्यावर ठेवून हंडा उचलून विहिरीकडं चालायला लागली.